टेबल एक, उतारे तीन

मार्च अखेरची रात्र. बिलं निघायची राहिलीत, ताळेबंदाचे आकडे जुळायचे राहिलेत, आणि कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॅप या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर नेहमीच्या यादीऐवजी लांबलचक डंप, म्हणजे प्रोग्राम मोडल्याचा अहवाल, येऊन पडतो. टेबल सापडत नाही म्हणे. किंवा टेबल आहे, पण अमुक नावाचा रकाना त्यात नाही. काल संध्याकाळपर्यंत हेच टेबल मुकाट काम करत होतं. बघणाऱ्याच्या तोंडून पहिले शब्द निघतात ते 'डेटा गेला' असे. बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. जाण्याचा खरा धोका यानंतरच्या दहा मिनिटांत असतो. घाबरलेला माणूस तेव्हा समोर दिसेल ते बटण दाबतो.

या घाबरण्याच्या मुळाशी एक गैरसमज असतो. टेबल ही एकच वस्तू आहे, असं आपण धरून चालतो. सॅपमध्ये तसं नाही. एकाच नावाखाली तिथे तीन गोष्टी नांदत असतात, आणि त्या तिघींचं एकमेकींशी पटतंय तोवर त्या तीन आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिली म्हणजे डेटा डिक्शनरीतली व्याख्या. एसई११ उघडलं की दिसते ती (सॅपमध्ये असा संकेत टाइप केला की त्याचा पडदा उघडतो). कोणते रकाने, कोणत्या क्रमाने, कोणत्या लांबीचे, किल्लीत (म्हणजे ओळ ओळखायच्या खुणेत) कोणते. ही व्याख्या स्वतःही टेबलांतच साठवलेली असते: टेबलाची मूळ नोंद डीडी०२एलमध्ये, रकाने डीडी०३एलमध्ये, डेटा एलिमेंट (रकान्याचा अर्थ) डीडी०४एलमध्ये, डोमेन (त्याचा प्रकार आणि लांबी) डीडी०१एलमध्ये. दुसरी म्हणजे रनटाइम ऑब्जेक्ट, जुन्या लोकांच्या भाषेत नेमटॅब. टेबल अ‍ॅक्टिव्हेट केलं, म्हणजे व्याख्या लागू केली, की तिचा आटवलेला अर्क डीडीएनटीटी आणि डीडीएनटीएफ या दोन टेबलांत लिहिला जातो, आणि सॅपच्या अबाप भाषेतला प्रोग्राम चालताना या अर्काकडेच बघतो. तिसरी म्हणजे ओरॅकल, हाना किंवा एसक्यूएल सर्व्हर अशा डेटाबेसमधलं खरंखुरं टेबल. ओळी त्यातच असतात.

सातबारा ज्याच्या घरात आहे त्याला हे पटकन कळावं. तलाठ्याच्या दप्तरात एक उतारा असतो. विकास सोसायटीच्या फायलीत त्याची झेरॉक्स असते. आणि बांधाच्या आत जमीन असते. पीककर्ज देताना सोसायटीचा सचिव शेतावर जात नाही, फायलीतली झेरॉक्स बघतो. वाटणीनंतर दप्तर बदललं आणि झेरॉक्स जुनीच राहिली, किंवा बांध सरकला आणि दप्तराला पत्ताच नाही, तर भांडण ठरलेलं. टेबलाच्या रकान्याला संगणकवाले 'फील्ड' म्हणतात, हा योगायोगसुद्धा इथे बरा जमून आलाय. टेबलाच्या रचनेचा कुठलाही बिघाड म्हणजे या तीन कागदांमधली तफावत, आणि दुरुस्तीचा पहिला प्रश्न 'कसं सुधारू' हा नसतोच. तिघांपैकी खरं कोण बोलतंय, हे आधी ठरवायचं असतं.

ते ठरवायची वाट डंपची यादी दाखवणाऱ्या एसटी२२ मधून जाते. डंपचं नाव बहुधा डीबीआयएफ_आरएसक्यूएल_एसक्यूएल_एरर किंवा नव्या आवृत्त्यांत डीबीएसक्यूएल_एसक्यूएल_एरर असं असतं. त्या नावावर थांबू नये. ते फक्त 'डेटाबेसने नकार दिला' एवढंच सांगतं. आत डेटाबेसचा स्वतःचा त्रुटी क्रमांक लिहिलेला असतो, आणि खरी साक्ष ती. ओरॅकलमध्ये ओआरए-००९४२ म्हणजे टेबल किंवा व्ह्यूच (टेबलांवर बेतलेली यादी) नाही, ओआरए-००९०४ म्हणजे रकान्याचं नाव ओळखीचं नाही. हानामध्ये हेच अनुक्रमे २५९ आणि २६०. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबल नसेल तर २०८, रकाना नसेल तर २०७. डंप हाताशी नसेल तर एसएम२१ च्या सिस्टीम लॉगमध्ये आणि एसटी११ मधल्या वर्क प्रोसेसच्या ट्रेस फायलीत तोच क्रमांक सापडतो.

इथे एक फसवी जागा आहे. काही प्रोग्राम ओपन एसक्यूएल, म्हणजे सॅपची कुठल्याही डेटाबेसवर चालणारी भाषा, न वापरता थेट डेटाबेसच्या भाषेत बोलतात आणि टेबलाच्या नावाआधी स्कीमाचं, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांच्या गटाचं, नाव ठोकून लिहितात. चाचणीच्या सिस्टीममध्ये स्कीमा एका नावाचा, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या सिस्टीममध्ये, दुसऱ्या. मग २५९ येतो, आणि टेबल मात्र जागच्या जागी ठणठणीत असतं. पत्ता चुकला म्हणून घर पडलं असं होत नाही.

क्रमांक कळला की एसई११ मध्ये टेबल फक्त बघण्यासाठी उघडायचं. बदलण्यासाठी नाही. आधी स्थिती बघायची: अ‍ॅक्टिव्ह आहे, की कुणीतरी अर्धवट बदल करून सोडून दिलाय. मग युटिलिटीजच्या यादीत दोन तपासण्या असतात. 'डेटाबेस ऑब्जेक्ट'खालची 'चेक' डिक्शनरी आणि प्रत्यक्ष टेबल ताडून बघते, 'रनटाइम ऑब्जेक्ट'खालची 'चेक' डिक्शनरी आणि नेमटॅब ताडून बघते. दोन्ही तपासण्या वाचतात फक्त, काही बदलत नाहीत, म्हणून भर दुपारी प्रॉडक्शनवरही बिनधास्त चालवाव्यात. फरक असेल तर कोणत्या रकान्याचा, लांबीचा की प्रकाराचा, हे ओळीओळीने दिसतं. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. पुढे कुणी 'आधी काय होतं' असं विचारलं तर तोच उपयोगी पडतो.

दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या आणि तरीही डंप येतच राहिला, तर तो सगळीकडे येतोय का हे बघावं. चार अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर असतील आणि तक्रार एकाच सर्व्हरवरच्या लोकांची असेल, तर त्या सर्व्हरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, जुना नेमटॅब अडकलेला असण्याची शक्यता मोठी. एसएम५१ मधून त्याच सर्व्हरवर जाऊन तपासावं. कमांडच्या चौकटीत /$सिंक हा आदेश दिला की बफर रिकामे होतात, पण सगळेच. नंतर काही काळ सर्व्हर धापा टाकतो, कारण प्रत्येक गोष्ट त्याला पुन्हा डेटाबेसमधून आणावी लागते. महिनाअखेरीला तो आदेश देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. काहीजण कुठल्याही दुखण्यावर तोच काढा पाजतात, ते बरोबर नाही.

अ‍ॅक्टिव्हेशनच्या चुकांबद्दल फार लिहायला नको, कारण त्या बोलक्या असतात. रकमेच्या रकान्याला चलनाचा आणि नगाच्या रकान्याला एककाचा संदर्भ लागतो, तो दिला नाही की टेबल अडतं. ज्या डेटा एलिमेंटवर रकाना उभा आहे तोच अ‍ॅक्टिव्ह नसेल तरी अडतं. 'एन्हान्समेंट कॅटेगरी' दिली नाही म्हणून पिवळी सूचना येते, तिच्यापायी रात्र जागवू नये. यातली जास्त सतावणारी चूक ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे बदल एका सिस्टीममधून दुसरीत पाठवण्याच्या, क्रमाची. डोमेन एका रिक्वेस्टमध्ये (बदलांच्या गठ्ठ्यात), टेबल दुसऱ्या, आणि पुढे गेली दुसरी आधी. क्यूएमध्ये, म्हणजे चाचणीच्या सिस्टीममध्ये, ती आठवर पडते. शून्य म्हणजे ठीक, चार म्हणजे सूचना, आठ म्हणजे चूक, बारा म्हणजे आयातच बंद, हे गणित सॅपवाल्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. लॉग उघडला की लाल ओळी पन्नास दिसतात, पण त्यातली वरची पहिलीच ओळ बहुधा मूळ दुखणं असते, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या. दोन्ही रिक्वेस्ट एकत्र पाठवल्या की प्रश्न मिटतो. आणि आयात तासन्‌तास नुसती 'चालू' दिसत असेल, तर एसएम३७ मध्ये आरडीडीआयएमपीडीपी हा जॉब, म्हणजे मागे आपोआप चालणारं काम, नेमलेला आहे का ते बघावं. तो हरवला असेल तर आरडीडीएनईडब्ल्यूपीपी चालवून पुन्हा नेमता येतो.

आता मुख्य गोष्ट, रूपांतर. सॅपवाले 'कन्व्हर्जन' म्हणतात. टेबलाची रचना बदलली की ती डेटाबेसपर्यंत पोचवायच्या तीन वाटा असतात. टेबल रिकामं असेल तर ते पाडून नवं बांधलं जातं. शेवटी एखादा रकाना वाढला असेल तर साध्या आल्टर टेबलवर भागतं. पण भरलेल्या टेबलात रकान्याची लांबी कमी केली, प्रकार बदलला, किल्लीत ढवळाढवळ केली, तर या दोन्ही वाटा बंद होतात आणि तिसरी, रूपांतराची, तेवढी उरते. अ‍ॅक्टिव्हेट करताना 'स्ट्रक्चर चेंज अ‍ॅट फील्ड लेव्हल, कन्व्हर्ट टेबल' असा संदेश येतो तो याच वेळी. या संदेशानंतर हात आपोआप डेटाबेसमधली टेबलं हाताळणाऱ्या एसई१४ कडे जातो. तिथे 'अ‍ॅक्टिव्हेट अँड अ‍ॅडजस्ट डेटाबेस' हे बटण आहे आणि त्याच्याशी जोडलेले दोन पर्याय: 'सेव्ह डेटा' आणि 'डिलीट डेटा'. दोघांत अंतर असेल बोटभर. दुसरा पर्याय निवडला तर टेबल पाडून नव्याने बांधलं जातं आणि ओळी जातात, त्याही एका क्लायंटच्या (सिस्टीममधल्या एका स्वतंत्र कप्प्याच्या) नव्हे, सगळ्याच क्लायंटच्या. एवढी जहाल गोष्ट एवढ्या साध्या टिंबात ठेवणाऱ्याला काय म्हणावं?

पहिला पर्याय निवडला तर आत जे घडतं ते ठाऊक असायलाच हवं, कारण मध्येच काही तुटलं तर त्या ज्ञानावरच सगळं अवलंबून असतं. आधी टेबलाच्या रचनेला कुलूप लागतं, म्हणजे आणखी कुणी व्याख्या बदलू नये. मग डेटाबेसमधल्या मूळ टेबलाचं नाव बदलतं: नावापुढे क्यूसीएम हा उपसर्ग लागतो आणि त्यावरचे सगळे इंडेक्स, म्हणजे शोध वेगवान करणाऱ्या सूच्या, काढून टाकले जातात. मग नवी व्याख्या अ‍ॅक्टिव्ह होते आणि मूळ नावाचं, नव्या रचनेचं, पूर्ण रिकामं टेबल जन्माला येतं. चौथ्या पायरीला क्यूसीएममधल्या ओळी नव्या टेबलात ओतल्या जातात, ज्या रकान्यांची नावं जुळतात तेवढ्याच. दर १६ एमबीला कमिट होतो, म्हणजे तोवरचं काम पक्कं होतं. म्हणजे ४० जीबीचं टेबल असेल तर २,५६० वेळा. नंतर दुय्यम इंडेक्स पुन्हा बांधले जातात, व्ह्यू पुन्हा उभे राहतात, क्यूसीएम टेबल पाडलं जातं, आणि शेवटी कुलूप निघतं.

चौथ्या पायरीच्या शेवटी सगळा डेटा दोन जागी असतो. ४० जीबीच्या टेबलाला आणखी साधारण तेवढीच मोकळी जागा लागते, आणि इंडेक्सची वेगळी. रूपांतर मोडण्याचं खूप वेळा दिसणारं कारण हेच: जागा संपते. ओरॅकलमध्ये ओआरए-०१६५३ येतो. जॉब बंद पडतो. आता मूळ नावाच्या टेबलात, समजा, एक तृतीयांश ओळी आहेत आणि क्यूसीएममध्ये सगळ्या. वापरणाऱ्याने टेबलातल्या ओळी दाखवणारं एसई१६ उघडलं तर त्याला एक तृतीयांशच दिसणार. 'डेटा गेला' ही बोंब इथून उठते. सातबाऱ्याच्या भाषेत, फेरफार नोंदला गेलाय पण प्रमाणित झालेला नाही. जमीन कुठेही गेलेली नाही.

अशा वेळी एसई१४ मध्ये 'कंटिन्यू अ‍ॅडजस्टमेंट', 'अ‍ॅनलाइज अ‍ॅडजस्टमेंट' आणि 'अनलॉक टेबल' हे पर्याय पुढ्यात येतात. आधी विश्लेषण. गाडी कोणत्या पायरीला थांबली ते तिथे कळतं. ऑब्जेक्ट लॉगमध्ये डेटाबेसचा मूळ त्रुटी क्रमांकही असतो. कारण दूर करायचं, म्हणजे सिस्टीम सांभाळणाऱ्या बेसिसवाल्यांकडून टेबलस्पेस, म्हणजे डेटाबेसमधली जागा, वाढवून घ्यायची, आणि मग 'कंटिन्यू' दाबायचं. रूपांतर थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं, कारण ते कुठे थांबलं याची नोंद ठेवलेली असते. 'अनलॉक' हीच नोंद पुसतं. कुलूप दिसतंय म्हणून कुलूप काढायचं, ही सहज येणारी ऊर्मी इथे घात करते. नोंद पुसल्यावर क्यूसीएममध्ये खरा डेटा पडलाय हे सिस्टीमला माहीतच उरत नाही, आणि त्यानंतर टेबल पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केलं तर ती अर्धवट भरलेल्या टेबलालाच खरं मानून चालते. म्हणून 'अनलॉक'च्या आधी डेटाबेसच्या पातळीवर दोन्ही टेबलांतल्या ओळी मोजाव्यात. दोन आकडे कागदावर लिहावेत. ते लिहिता येत नसतील तर त्या बटणाकडे बघूही नये.

अशी अडकलेली किती टेबलं सिस्टीममध्ये आहेत हे टीबीएटीजी या टेबलावरून आणि एसई१४ मधल्या डेटाबेस रिक्वेस्टच्या यादीवरून कळतं. ट्रान्सपोर्टमधून गेलेलं रूपांतर मोडलं असेल तर तेही इथेच सापडतं. फार मोठ्या टेबलांसाठी आयसीएनव्ही ही वेगळी वाट आहे: काम चालू असतानाच हळूहळू रूपांतर करायची. अपग्रेडच्या वेळी तिचा विचार आधीच करावा. टेबल दिवसभर बंद राहिल्यावर ती आठवून उपयोग नाही.

जागा संपली तर निदान आरडाओरडा होतो. किल्ली छोटी केली तर आरडाओरडाही होत नाही. समजा एखाद्या झेड, म्हणजे कंपनीने स्वतः बनवलेल्या, टेबलाची किल्ली १० अक्षरांच्या क्रमांकावर आहे आणि कुणी ती ८ वर आणली. शेवटची दोन अक्षरं छाटली गेली की वेगवेगळ्या ओळींची किल्ली एकच होते. ओतताना त्यातली एकच ओळ आत जाते. कोणती, हे आधी सांगता येत नाही. बाकीच्या निमूटपणे नाहीशा होतात, आणि शेवटी जॉब 'यशस्वी' म्हणून हिरवा. किल्लीतून क्लायंटचा रकाना काढून टेबल क्लायंट-निरपेक्ष केलं तरी हेच होतं. यावर उपाय आधीचाच असतो: पहिल्या आठ अक्षरांवर गट पाडून, मोजणी एकाहून जास्त येणारे गट बघायचे, ते निस्तरायचे, आणि मगच बदल पुढे पाठवायचा.

उलट बाजूने, लांबी वाढवणं निरुपद्रवी वाटतं. एस/४ हाना ही सॅपची नवी पिढी २०१५ मध्ये आली आणि त्याच वर्षीच्या १५११ या आवृत्तीपासून मालाच्या क्रमांकाची, म्हणजे मॅटनरची, लांबी १८ वरून ४० झाली. ज्यांनी आपली टेबलं सॅपच्याच डेटा एलिमेंटवर बांधली होती, त्यांचे रकाने अपग्रेडमध्ये आपोआप रुंदावले. ज्यांनी कधीकाळी 'आपलं साधं बरं' म्हणून स्वतःचं १८ अक्षरी डोमेन केलं, त्यांचे तिथेच राहिले. लांब क्रमांक चालू केले की त्या रकान्यात क्रमांकाचं शेपूट कापलं जातं. आणि ज्यांचे रुंदावले त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला वेगळी सूचना आली. किल्लीत क्लायंटची ३ अक्षरं आणि मालाचे तीन क्रमांक, म्हणजे मूळ माल, पर्यायी माल आणि वेष्टन, असतील तर पूर्वी बेरीज ५७ होती, आता १२३ झाली. १२० च्या पुढे गेलं की सॅप 'मर्यादित सुविधा' असा इशारा देतं, कारण ट्रान्सपोर्टमध्ये किल्लीसाठी १२० अक्षरंच असतात. टेबल चालतं, पण एकेक ओळ निवडून पुढे पाठवायची सोय राहत नाही.

मॅटनर वगैरे नावं ऐकून हसू येतं, पण ती जर्मन आहेत एवढं कळलं की टेबलं वाचणं सोपं होतं. सॅप १९७२ मध्ये जर्मनीत सुरू झालं आणि त्याच्या टेबलांनी मातृभाषा सोडली नाही. केएनए१ मधला के म्हणजे कुंडे, ग्राहक. एलएफए१ म्हणजे लिफेरांट, पुरवठादार. बीकेपीएफ म्हणजे बेलेगकोप्फ, पावतीचं डोकं. हिंजवडीत बसून रात्रपाळीला ही नावं लीलया घेणाऱ्या कितीतरी मराठी पोरांना ती जर्मन आहेत याची गंधवार्ताही नसते.

सगळ्यांत चिवट तक्रार मात्र डंप न येणारी. चालू टेबलात नवा रकाना जोडला, तपासण्या स्वच्छ, ट्रान्सपोर्ट शून्य, आणि तरी रिपोर्टमध्ये जुन्या ओळी दिसत नाहीत. एसई११ मध्ये रकान्याच्या नावाशेजारी 'इनिशियल व्हॅल्यूज' अशी बारीकशी चौकट असते. तिच्यावर खूण नसेल तर आधीच्या ओळींमध्ये नवा रकाना कोरा न राहता नल, म्हणजे किंमतच नसलेला, राहू शकतो. एसई१६ मध्ये दोन्ही सारखेच रिकामे दिसतात. डेटाबेसला मात्र ते सारखे नसतात. 'रकाना रिकामा आहे अशा ओळी दे' म्हटलं की नल वगळले जातात, 'रकान्यात एक्स नाही अशा ओळी दे' म्हटलं तरी वगळले जातात. तिथे 'इज नल' हेही जोडीला विचारावं लागतं. खूण केली तर हा त्रास टळतो, पण त्या बदल्यात डेटाबेसला आधीची प्रत्येक ओळ हाताळावी लागू शकते, आणि कोट्यवधी ओळींच्या टेबलावर ते रात्री उशिराचंच काम. रकाना जोडून झाल्यावर टेबलात ओळी भरायचा एसएम३० चा पडदाही एसई५४ मधून पुन्हा तयार करावा लागतो, नाहीतर तिथे नवा रकाना उगवतच नाही.

आणि काही तफावती आपणच पेरून ठेवतो. टेबल संथ झालं म्हणून कुणी डेटाबेसवाल्याने सॅपला न कळवता थेट ओरॅकलमध्ये इंडेक्स टाकला. काम पळू लागलं, सगळे खूश. डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या डीबी०२ मध्ये तो इंडेक्स डिक्शनरीला अनोळखी म्हणून दिसत राहतो, पण ती यादी रोज कोण बघतं? पुढे कधीतरी रूपांतर होतं. दुसऱ्या पायरीला सगळे इंडेक्स निघतात आणि पाचव्या पायरीला परत येतात, पण फक्त डिक्शनरीत नोंदलेले. चोरवाटेने आलेला इंडेक्स नाहीसा होतो आणि दोन मिनिटांचा रिपोर्ट तासभर रेंगाळतो. तोवर रूपांतराला दोन आठवडे झालेले असतात, आणि दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

जुन्या सिस्टीमचा ताबा घेताना म्हणूनच एसई१४ मधल्या 'एक्स्ट्राज'खाली 'इनव्हॅलिड टेंप टेबल' नावाची यादी उघडून बघावी. ज्यांचं रूपांतर कधीकाळी मोडलं, ज्यांची नोंद कुणीतरी पुसली, ती अनाथ क्यूसीएम टेबलं तिथे सापडतात. काही रिकामी असतात, ती पाडावीत. काहींमध्ये ओळी असतात, आणि त्यांची संख्या मूळ टेबलातल्या संख्येपेक्षा जास्त भरते. तिथे हात आखडता घ्यावा, आणि त्या टेबलाचा मालक विभाग कोणता, त्या वर्षीचे आकडे त्यांच्याकडे जुळले होते का, हे आधी विचारून यावं.